उजव्या खांद्याचं माप

नाटक बघून लोक टाळ्या देतात आणि घरी जातात. राजाच्या अंगरख्याची बाही कुणी शिवली, हे विचारायला विंगेत कुणी येत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अब्दुल सत्तारांना, म्हणजे सगळ्यांच्या चाचांना, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी हौशी मंडळींचे कपडे शिवले. किती राजे, किती फौजदार, किती नवरदेव त्यांच्या कातरीखालून गेले! तिसरी घंटा झाली की ते विंगेत उभे राहून आपल्या टाक्यांवर पडणारा उजेड बघायचे. तेवढ्यावर त्यांचं पोट भरायचं.

सत्तरीत मात्र त्यांनी स्वतःच नाटक लिहायला घेतलं. दोन भावांचं, वऱ्हाडी बोलीतलं. लिहिण्याची रीत त्यांची न्यारी. पात्राचे कपडे हातावेगळे झाल्याशिवाय ते पात्र त्यांच्याशी बोलतच नसे. धाकट्याचा शर्ट शिवून झाला, मग पहिला अंक झाला. आईचं पोलकं झालं आणि दुसरा अंक उतरला. तिसऱ्यात मोठा भाऊ शेषराव धाकट्याचं शिलाई मशीन उचलून भर रस्त्यात ठेवणार होता, धाकट्याच्या नाटकवेडाला चिडून. शेषराव म्हणजे निव्वळ दगड. पहिल्या दोन अंकांच्या वाचनालाच ऐकणाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या आणि चाचा मनातून सुखावले होते.

शेषरावाचं काम चंद्रभानकडे होतं. जठारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान. तालमीत त्यानं एकदा छेडलंच.

"चाचा, खरं सांगा. हा भाऊ तुमचाच ना?"

"नाही रे बाबू. मनानंच लिवला सारा."

"मनानं? मंग मशीन काहून रस्त्यावर आली? टीव्ही काहून नाही आला?"

चाचा हसले आणि सुईत दोरा ओवत राहिले.

खरी गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. पस्तीस वर्षांपूर्वी, ईदच्या आदल्या सकाळी, थोरल्या वहाबभाईंनी चाचांचं मशीन दुकानातून उचलून रस्त्यावर ठेवलं होतं. एक शब्द न बोलता. पुढे वहाबभाई अमरावतीला लेकीकडे गेले. तेव्हापासून दोघांची भेट लग्नात नाहीतर मय्यतीत. आता याच गल्लीसमोर प्रयोग व्हायचा होता. शेषरावाच्या आड कोण आहे, हे पहिल्याच रांगेला कळलं असतं. आणि ते अमरावतीत पोहोचलं असतं, तर उरलेली भेटही गेली असती. चाचांना हे कळत होतं. पण लेखणीला राग होता.

शेषरावाचा सदरा त्यांनी एका बैठकीत बेतला. चंद्रभानचं माप वहीत होतं. वही उघडलीच नाही. इतक्या वर्षांच्या नजरेवर भरवसा. दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं सदरा अंगात घातला. आरशात पाहिलं आणि खांदा झटकला.

"चाचा, हा उजवा खांदा खाली येऊन राहिला. मी काय वाकडा हाव का?"

चाचांनी टेप लावला. उजवा खांदा दीड बोटानं उतरता कापलेला. नवशिक्या कारागिरालाही अशी चूक शोभली नसती. सगळे हसले. चाचा हसले नाहीत. हे माप त्यांच्या हाताला पाठ होतं. ऐन तारुण्यात ते दर ईदला हा खांदा असाच कापत.

घरी येऊन त्यांनी सदरा बायकोपुढे, अकीलाबींपुढे टाकला. अकीलाबींनी तो उचलला, खांद्याची शिवण बोटानं चाचपली.

"ये तो बड़े भाई का है."

"हाँ."

"कपडे का गठ्ठा ढो-ढो के झुका था उनका कंधा. स्टेशन से पुल तक, पुल से दुकान तक. तुम मदरसे में बैठे थे तब." मग शांतपणे त्यांनी विचारलं, "तुम्हारे नाटक में वो गठ्ठा किधर है?"

दोन अंकांत कुठेच नव्हता. अब्बा गेल्यावर सात वर्षं तो गठ्ठा वहाबभाईंच्या खांद्यावर होता, म्हणून सत्तारच्या हातात पुस्तक राहिलं. लिहिताना त्यांनी फक्त मशीन मोजलं होतं.

मग चाचांनी गठ्ठा नाटकात आणला, तिसरा अंक लिहिला, आणि आता गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मशीन ठेवताना शेषराव नऊ ओळींचं भाषण करू लागला: जा भाऊ, तुझं मन जिथं लागते तिथं जा, माझी दुआ तुझ्यासंग हाय. वाचताना चाचांचेच डोळे भरले. तरी कुठेतरी कच्ची शिलाई सुटत होती. कागद पिशवीत घालून त्यांनी अमरावतीची एसटी धरली.

वहाबभाई अंगणात खुर्चीवर होते. ऐंशीच्या पुढचे, काठी मांडीवर आडवी. त्यांनी कानामागे हात धरून तिन्ही अंक ऐकले. गठ्ठ्याचा नवा प्रसंग आला तेव्हा नुसते हूं म्हणाले. नऊ ओळी संपल्यावर काठी जमिनीवर आपटली.

"मैं ये बोला था?"

"नहीं भाईजान."

"फिर क्या बोला था?"

"कुछ नहीं बोले थे तुम."

"तो काट ना! क्यों झूठा सोना चढ़ा रहा मेरे ऊपर?" त्यांनी काठी पुन्हा मांडीवर घेतली. "ग्राहकों के ईद के कपड़े पड़े थे और तू तीन दिन नाटक में. रस्ते पे सब खड़े थे. मुँह खोलता तो गाली निकलती, अब्बा के नाम तक जाती. इसलिए चुप रहा. बस."

तेच मौन पस्तीस वर्षं चाचांनी तिरस्कार म्हणून जपलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, नऊच्या नऊ ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं: 'शेषराव मशीन ठेवतो. लोकांकडे बघतो. काही बोलत नाही.' कागद पुढे केला.

वहाबभाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

"हाँ. अब ठीक है." मग विचारलं, "कब है?"

"अगले इतवार को. अकोला में."

"पहली लाइन में बिठाना. कान काम नहीं करते अब."