मनुबाई आधी जेवली

माझे यजमान म्हसळ्याला डॉक्टर होते. १९५८ साली मनुबाई आमच्याकडे तांदूळ सडायला येई. त्या पावसाळ्यात मुसळाचे दहा घाव घातले की ती छातीवर हात ठेवून खाली बसू लागली. यजमानांनी तिला तपासलं आणि तळलेलं, खारवलेलं, खोबरं, मीठ, सगळं बंद केलं.

"दिवाळीनंतर माज्या लेकीचं, रंगूचं दुसरं बाळंतपण हाय, डाकटर. तिला सासू न्हाय. मला आगरदांड्याला जायाच पायजे."

"दिघीच्या होडीपर्यंतचे चढ असे धापा टाकत चढणार? आधी दम कमी होऊ दे. नाहीतर मी जाऊ देणार नाही."

महिना गेला, दम तसाच. मनुबाई शपथेवर सांगे, "माज्या हातानं एक तुकडा घेतला न्हाय, बाय!"

नव्या तांदळाच्या जेवणाला तिनं आम्हा दोघांना घरी बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. येसाजी, तिचा नवरा, यजमानांच्या पंगतीला जेवून उठला. त्याच्या ताटात अख्खी तळलेली सुरमईची तुकडी, सुका बोंबील आणि खोबऱ्याच्या चटणीचा ढीग तसाच होता. मनुबाई त्याच ताटावर बसली.

"मनुबाई, हे काय?" मी विचारलं.

"ह्ये माजं कुटं? धन्यांचं उरलेलं हाय. टाकायचं व्हय?"

येसाजी लाजला. "तिला तळलेलं लय आवडतं. आता करून खायाची बंदी, म्हनून मी वाईच जास्ती ठेवतो."

यजमान आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "उद्यापासून मनुबाई आधी जेवेल. वेगळ्या ताटात."

"बाप्याच्या आदी? अगो बाय! गाव तोंडात श्यान घालंल!"

"मी दारात बसतो," येसाजी म्हणाला. "कोन आलं तर खाकरीन."

एकदा शेजारची येसूबाई मागच्या दारानं आली. खाकरायला वेळच मिळाला नाही. येसाजीनं धावत येऊन बायकोचं ताट पुढं ओढलं आणि एक घास तोंडात घातला. त्याचं तोंड पाहून येसूबाईनं विचारलं, "काय वो, कडू हाय का?"

"न्हाय," तो कसाबसा म्हणाला. "लय ग्वाड झालंय."

येसूबाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "ह्ये तू रोज खातेस?" तेव्हापासून तो तिच्या आळणी भाजीवर स्वतः लिंबू पिळून देऊ लागला.

दिवाळीपर्यंत दम पुष्कळ कमी झाला. यजमानांनी जायला परवानगी दिली. येसाजीनं तिला दिघीला तरीत बसवून दिलं.

परतल्यावर मनुबाईनं सांगितलं ते असं. नात झाली. चार दिवसांनी जावई जेवायला बसला, तर बाळंतीण भिंतीला टेकून त्याचं ताट मोकळं व्हायची वाट पाहत होती. मनुबाईनं दोन ताटं वाढली, एक रंगूपुढं ठेवलं, दुसरं घेऊन आपण बसली.

जावई पाहतच राहिला. "मामी, आनि मी?"

"तुमी मागनं. डाकटरांनी सांगितलंय, मला आनि रंगूलाबी."

यजमानांनी रंगूला जन्मात पाहिलं नव्हतं.