सनदच्या उंबऱ्यातला वाळा

बहारीनमध्ये आम्हा वसईकरांचा रविवार शुक्रवारीच येतो. सकाळी चर्चमध्ये मिसा, मग मटण, मग झोप. माझ्या नवऱ्याचं, बेनेडिक्टचं, मात्र भलतंच. मिसा संपली की हा बूट बदलणार, डिकीतून मेटल डिटेक्टर काढणार आणि कुणाच्या तरी पडक्या घराकडे सुटणार. आठवडाभर सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करतो, तिथलं लोखंड पुरत नाही मेल्याला!

नियम मात्र कडक. घरमालकाने बोलावलं तरच जायचं. सापडेल ते मालकाच्या हातात द्यायचं. फारच जुनं वाटलं तर म्युझियमवाल्यांना कळवायचं. बारा वर्षांत आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये गंजका खिळासुद्धा आला नाही. मी चिडायचे, "एवढा घाम गाळून तुला मिळतं काय?" तो म्हणायचा, "ज्याचं हरवलंय त्याचं तोंड बघायला मिळतं, रेजिना."

यंदा मे महिन्यात आतिकाने त्याला बोलावलं. मी काम करते त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर ती बसते, बहारीनचीच, पण हिंदी आपल्यासारखीच फाडफाड. सनद गावातलं तिचं बंद पडलेलं माहेर पाडायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. वर्षाची होऊन गेली. आईने तिचा चांदीचा वाळा उंबऱ्याखाली पुरला, आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मलाही नाव माहीत नाही. आता रोज म्हणते, घर पडायच्या आत तेवढं आणून द्या."

बेनेडिक्टने दोन शुक्रवार मोठ्या दारातली जमीन चाळली. आमच्याकडे उंबरा म्हटला की पुढच्या दाराचाच. यंत्र टीं टीं करायचं, हा गुडघ्यावर बसायचा, आणि निघायचं काय? खिळे, पेप्सीची झाकणं, एक मोडकं कुलूप. दुसऱ्या शुक्रवारी तो जेवलासुद्धा नाही. बारा वर्षांत हे पहिल्यांदा.

शनिवारी मी डबा घेऊन गेले तर फाटकात बुलडोझर येऊन उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी खलास! आतिका रडवेली झाली होती. बेनेडिक्ट फावडं टाकून एकदम म्हणाला, "आपण तिघं गाढव आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! घर ज्या बाईचं, तिला कुणी विचारलं का?"

"या उन्हात? व्हीलचेअरवर? इथे आली तर ती रडेल," आतिका म्हणाली.

"रडू दे की! तिचं घर आहे. यल्ला, चल, घेऊन ये तिला."

तासाभरात आतिकाची आई, सुमय्याखाला, आल्या. मोठ्या दारातले खड्डे बघून रडायच्या ऐवजी रागावल्याच. अरबीत काहीतरी बडबडल्या. आतिकाने कपाळावर हात मारला. "आई म्हणते, हे पुरुषांचं दार, पाहुण्यांचं. मी इथून कधी पाऊल टाकलं होतं?"

त्यांनी दाखवलं तेव्हा कळलं, मागच्या बोळात बायकांचं वेगळं दार होतं, विटांनी कधीच बुजवलेलं. त्यासमोर यंत्र पहिल्याच फेरीत बोललं. बेनेडिक्टने यंत्र बाजूला ठेवलं, पहार मला दिली आणि बोटांनी माती उकरायला लागला. काळा पडलेला, माझ्या बांगडीपेक्षा कितीतरी लहान, एक घुंगरू लटकणारा वाळा. त्याने तो शर्टाला पुसून खालांच्या तळव्यावर ठेवला.

आणि लगेच पुन्हा ओणवा! वाळे जोडीचे असतात ना. घामाने निथळत होता, मी पाणी पुढे केलं तरी वर बघेना. "दुसरा मिळाल्याशिवाय उठणार नाही," म्हणाला.

खालांनी काठीने त्याच्या खांद्याला हळूच टोचलं. "मफी," म्हणाल्या. नाहीये तिथे. मग गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. त्याला दुसरा वाळा बांधलेला होता, घासून घासून चकचकीत झालेला. एक त्यांनी मातीत ठेवला होता, एक अंगावर.

दोन्ही वाळे त्यांनी एका मुठीत धरून कानाशी हलवले आणि हाक मारली, "नूरा!"

आतिका मटकन खाली मातीतच बसली. पन्नाशी उलटल्यावर तिला बहिणीचं नाव कळलं होतं.

मी बेनेडिक्टकडे वळले. तो सुमय्याखालांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मीही त्याला पाणी द्यायचं विसरून तिकडेच बघत राहिले.