फ्यूजच्या जागी तांब्याची तार

फ्यूज सारखा उडतो म्हणून मी त्याच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. वर बायकोला हाक मारून दाखवलंही, "आता पाह्य, उडते का!"

अकोल्याच्या रस्त्याला लागून आमची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. म्हणजे बायकोची. मी तिथला हमाल आणि स्वयंघोषित इंजिनिअर. शेडनेटखालचे फवारे थोड्या थोड्या वेळानं चालू-बंद करणारं टायमरचं एक कार्ड आहे, जीव बारा व्होल्टचा. त्याच्यासाठी लावलेल्या संरक्षक डब्यात हा फ्यूज आणि एक निळी चकती असते. विजेचा दाब वाढला की ती तो अंगावर घेते, फ्यूज उडतो, कार्ड वाचतं. उडणं हेच फ्यूजचं काम, हे मला सोडून सगळ्या दुनियेला ठाऊक असावं.

मे महिन्यात भर दुपारी डीपीवरचा न्यूट्रल तुटला आणि वस्तीभर विजेचा दाब एकदम चढला. बल्ब डोळे दिपवून फुटला, पंखा पिसाळला, डब्यात फटाका वाजला आणि कार्डातून धूर. फवारे बंद. आमच्याकडच्या उन्हात कोवळी रोपं बघता बघता माना टाकतात.

मी तडक वीजवाल्यांच्या ऑफिसात. तो न्यूट्रल कधीचा ढिला होता. वारा सुटला की खांबावर ठिणग्या पडत. फोन केला की एकच उत्तर, "पाठोतो ना भाऊ माणूस." तो माणूस बहुधा अजून जन्मायचा होता.

"आमचं कार्ड जाळलं तुमी!" मी टेबलावर हात आपटला.

साहेबांनी आधी चहाचा कप वाचवला. "घरी संरक्षण काहून नाई लावलं?"

"लावलं होतं!"

"मंग फ्यूज नाई उडाला?"

आली का पंचाईत! खरं सांगावं लागलं. साहेब हसले, आणि त्या हसण्यानं माझा उरलासुरला तोलही गेला.

"माह्या घरी तार होती, मान्य. पण वस्तीतले टीव्ही, फ्रिज जळले, त्यायच्या घरीबी मीच तार घालून आलो काय?"

जळका सेटटॉप बॉक्स काखेत धरून मागे उभा असलेला शेजारी म्हणाला, "बोला ना आता, साहेब!"

साहेब बोलले, "अर्ज ठेवून जा."

माझ्या मूर्खपणाची शिक्षा मला मिळाली, ठीक. पण त्यांच्या आळसाचीही मलाच? तो राग अजून उतरलेला नाही.

परत आलो तर बायको पाठीवर पंप अडकवून एकटीच ओळीओळीनं पाणी मारत होती. रोपांचे काही ट्रे गेलेच होते. मी ऑफिसातला पराक्रम रंगवून सांगायला लागलो. तिनं पंप उतरवून माझ्यापुढे धरला.

"मस्त भांडले. आता हे घ्या पाठीवर. तुमच्या रागानं रोपं नाई भिजत."