चंचीत मावेल एवढी बॅटरी

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल आणि तीन टॉर्च होते. टॉर्चची मला हौस आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढल्यामुळे कुठलीही वस्तू मोजून-मापून घ्यायची खोड लागली आणि ती सगळी खोड या एकाच वस्तूवर उतरली. आमच्या घरात अंधार कमी आणि टॉर्च जास्त, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. या वेळी माझी हौस कोणाच्या तरी कामाला येणार होती, म्हणून मी जरा तोऱ्यातच निघालो होतो.

माझा वसतिगृहातला मित्र मिलिंद चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात शाळामास्तर आहे. त्याच्या गावाला लागून गोंड कुटुंबांचा एक टोला (छोटी वस्ती) आहे. तिथल्या तानाबाई नावाच्या म्हातारीला टॉर्च हवा होता. लहान, प्रखर आणि पाचशे रुपयांच्या आत. पैसे ती स्वतः देणार, फुकट घेणार नाही, हे मिलिंदने फोनवर दोनदा बजावलं होतं. तिकडे दुकानं नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "दुकानं आहेत रे. पण तिले एकही बॅटरी पटत नाई. तू ये, तुले समजन." (तिकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात.)

रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तिथून बसने उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता. मार्च संपत आला होता. साग उघडा पडलेला, पळस फुललेला आणि मधूनच खिडकीतून एक गोड, आंबूस वास आत येत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, मोहाचा आहे. भिवापूरच्या पुढे माझी मांडी भाजायला लागली. आधी वाटलं ऊन लागतंय. मग चटका असा बसला की मी ताडकन उभा राहिलो. पिशवीतून काढून खिशात ठेवलेला एक टॉर्च दाबला जाऊन आपोआप पेटला होता आणि आतल्या आत तापत होता. कंडक्टरने शांतपणे विचारलं, "काय झालं जी, इंगळी चावली का?" मी टॉर्च दाखवला. त्याने हातात घेतला, लगेच परत दिला आणि म्हणाला, "दिवसाचा काऊन (का) लावला?"

मिलिंदच्या घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी होती. जेवता जेवता त्याने खरी गोष्ट सांगितली. मोहाची फुलं रात्रभर गळतात. पहाटे अंधारात वेचायला गेलं तर टोपली भरते, उजाडल्यावर गेलं तर गुरं आणि चितळं खाऊन गेलेली असतात. वेचणारी बाई दोन्ही हातांनी, खाली वाकून वेचते आणि जंगलाकडे तिची पाठ असते. मागच्या हंगामात पलीकडच्या गावातली एक बाई अशीच वाकलेली असताना वाघाने नेली. त्यानंतर टोल्यावरच्या बायकांनी आपसात ठरवलं की अंधारात जायचं तर एकीने वेचायचं नाही. तिने उभं राहायचं, बॅटरी घेऊन चारी बाजूंनी बघत राहायचं. तिला वाटा मात्र वेचणारीइतकाच.

"तानाबाईची कंबर दोन वर्षांपासून वाकत नाई," मिलिंद म्हणाला. "पण उभी राहू शकते. डोळे तं तुझ्या-माझ्यापेक्षा तेज आहेत. फक्त बोटं वाताने आखडली, बॅटरीची कळ दाबता येत नाई. म्हणून बायका तिले नेत नाईत. सून तर बिलकूल तयार नाई."

माझ्या डोक्यात तोवर लुमेन (उजेडाचं माप) आणि बीमचं अंतर असलं काहीतरी होतं. बोटांचा विचार मी केलाच नव्हता. तिन्ही टॉर्च पुन्हा एकदा दाबून पाहिले आणि थोडा धास्तावलोच.

सकाळी टोल्यावर गेलो. शेणाने सारवलेलं अंगण, त्यात चटईवर मोहफुलं वाळत घातलेली. तानाबाई खांबाला टेकून ताठ उभ्या होत्या. बसल्या की उठताना त्रास होतो, म्हणून त्या सहसा उभ्याच असतात. मला पाहून म्हणाल्या, "काऊन जी भाऊ, एवढुशा बॅटरीसाठी एवढ्या दुरून आले?"

मी म्हणालो, "हौस आहे, बाई."

"मंग दाखवा तुमची हौस."

घराच्या मागे शेळ्या बांधायची, खिडकी नसलेली खोली होती. तिथे आमची परीक्षा झाली. पहिला टॉर्च माझा लाडका, अंगठ्याएवढा. त्याला एकच कळ. एकदा दाबली की मंद, दोनदा दाबली की प्रखर, धरून ठेवली की आणखी काही. तानाबाईंनी मनगटाचं हाड टेकवून ती कशीबशी दाबली आणि टॉर्च भराभर उघडझाप करू लागला. कोपऱ्यातल्या दोन शेळ्या दाव्याला हिसके देऊ लागल्या. "हे तं लग्नातल्या डीजेवानी करून राह्यलं," तानाबाई म्हणाल्या. दुसऱ्याचं तोंड फिरवून उजेड लांब-जवळ करायचा होता, त्याला दोन धड हात लागतात. तिसऱ्याची कळ बुडाला होती आणि तिची स्प्रिंग इतकी कडक की तानाबाईंनी तो माझ्या हातात परत ठेवला. "ह्याची कळ दाबासाठी मानूस ठेवा लागन."

दारात त्यांची सून रेखा उभी होती. सासूला ती आत्या म्हणते. आता ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी त्याईले भरीस घालू नका. आमी सात जनी खाली वाकून राह्यतो. टायमावर बॅटरी नाई लागली तं काय करावं? आत्याले दोन घास मी देतोच ना."

तानाबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "देते ती. नाई कोन म्हनते? पन मागून खाल्ल्यावानी वाटते."

रेखाचं चूक नव्हतं आणि तानाबाईंचंही नव्हतं. मला मात्र स्वतःची लाज वाटली. तिन्ही टॉर्च मी माझ्या बोटांसाठी निवडले होते.

दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीचा आठवडी बाजार होता. मिलिंदने मोटारसायकल काढली, तानाबाई मागून काळीपिवळीने (प्रवासी जीपने) आल्या. वाळल्या मासळीच्या आणि मिरचीच्या रांगा संपल्या की कुलपं, चष्मे, कंगवे आणि बॅटऱ्या विकणारा एक माणूस ताडपत्री टाकून बसतो. भर उन्हात बॅटरी बघायची कशी? त्याची सोय त्याने केलेली आहे. त्याच्याकडे एक जाड, दुहेरी पोतं असतं. गिऱ्हाईक बॅटरी घेऊन पोत्यात डोकं घालतं. आधी मला हसू आलं, मग मीही आळीपाळीने चार बॅटऱ्या घेऊन पोत्यात डोकं घातलं. आत कांद्याचा वास होता, पण अंधार अस्सल होता.

खोक्यांवर लिहिलेलं मी वाचलंच नाही. एवढ्याशा बॅटरीवर हजार लुमेन छापलेलं असेल तर ते वाचण्यात अर्थ नसतो. मी फक्त कळ पाहत गेलो. एका बोटभर लांबीच्या बॅटरीला बाजूला सरकती कळ होती, पुढे सरकवली की मंद आणि पसरट, आणखी सरकवली की प्रखर आणि लांब. दोन पेन्सिल सेलवर चालणारी. टोल्यावर वीज दोन-दोन दिवस नसते, पण पेन्सिल सेल तिथल्या किराण्यातही मिळतात. तानाबाईंनी तळहाताच्या कडेने ती कळ ढकलली. लागली. परत ढकलली, विझली. दहा वेळा तरी त्यांनी तेच केलं.

त्याच बनावटीच्या दोन बॅटऱ्या त्याच्याकडे होत्या. एकीचा उजेड निळसर पांढरा, दुसरीचा पिवळट. मी पांढरी उचलली, कारण ती जास्त लख्ख होती. तानाबाईंनी पदराची गाठ सोडली. गाठीत वाळका पाला आणि मूठभर ताजी मोहफुलं होती. ती त्यांनी पोत्याच्या तळाशी पसरली, एकेक बॅटरी घेऊन पोत्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई आत झोपल्या का जी?"

बाहेर आल्यावर त्यांनी मला आत बघायला लावलं. पांढऱ्या उजेडात पाला असा चमकत होता की त्यातली फुलं शोधावी लागत होती. पिवळट उजेडात प्रत्येक फूल वेगळं दिसत होतं. "जवळचा उजेड त्या सात जनीले लागते, दूरचा मले," तानाबाई म्हणाल्या. "पांढऱ्यात फूल सुटून दिसत नाई." इतकी वर्षं मी टॉर्च भिंतीवर पाडून तपासत आलो. टॉर्चने जे बघायचं आहे ते सोबत न्यावं, हे मला सुचलं नव्हतं. किंमत साडेतीनशे. त्यांनी बटव्यातून पैसे काढून दिले आणि बॅटरी चंचीत (पानसुपारीच्या पिशवीत) सरकवली. चंचीची नाडी ओढली तर ती बरोबर बसली. रात्री मी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून बॅटरीवर चढवली, म्हणजे घामाने निसटू नये. माझा हातभार एवढाच.

उद्या पहाटे एकदा नेऊन बघू, असं रेखा बॅटरी पाहिल्यावर कशीबशी कबूल झाली. जमलं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही, ही तिची अट होती. मिलिंदने आणि मी मागे उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही, ही तानाबाईंची.

चारच्या सुमाराला निघालो. मोहाची चार मोठी झाडं टोल्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. झाडाखाली फुलं टपटप पडत होती. सात बायका वाकल्या, टोपल्या पुढे सरकत गेल्या. तानाबाई मधोमध उभ्या. मंद उजेड बायकांच्या हातांवर, मग कळ पुढे ढकलून लांबचा उजेड झुडपांवर, मग मागे वळून, मग पुन्हा हातांवर. घाई अजिबात नव्हती. रेखा वेचताना दर थोड्या वेळाने मान वर करून सासूकडे बघत होती, त्यामुळे तिची टोपली सगळ्यात मागे राहिली होती.

मग डावीकडे पाला मोडल्याचा आवाज आला. सगळ्या हात थांबवून तशाच राहिल्या. मी खिशातला लाडका टॉर्च काढला, दाबला आणि तो मंद लागला. माझ्या बुटांपलीकडे त्याचा उजेड गेला नाही. तोवर तानाबाईंचा उजेड झुडपात पोहोचला होता. तिथे डोळे चमकले. दोन, मग आणखी दोन. तानाबाईंनी उजेड तसाच धरून ठेवला. उजेड नाही म्हटलं तरी थोडा हलत होता, पण जागा सोडत नव्हता. मला कळेना, आता पळायचं की ओरडायचं.

"चितळ हायेत," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "मान खालीवर करून राह्यले. वाघ असा नाई करत, उजेडाकडं पाहत राह्यते. वेचा तुमी."

सगळ्या पुन्हा वेचायला लागल्या. रेखाने त्यानंतर उजाडेपर्यंत मान वर केली नाही. ते बघून माझे डोळे भरून आले आणि अंधार होता हे बरंच झालं.

उजाडल्यावर एका चादरीवर फुलांचे आठ सारखे ढीग झाले. आठवा तानाबाईंचा. घरी परतताना रेखाने तो स्वतःच्या टोपलीत उचलून घेतला आणि सासूला म्हणाली, "आत्या, उद्या अर्धा घंटा आधी उठजा. आज उशीर झाला."

त्याच दुपारी मी निघालो. परतीच्या बसमध्ये टॉर्च पिशवीच्या तळाशी ठेवले होते आणि मांडी शाबूत होती. घरी आल्यावर ओळखीपाळखीचे लोक विचारतात, स्वस्तात चांगला टॉर्च कुठला घेऊ? पूर्वी मी अर्धा तास बोलायचो. हल्ली विचारतो, हातात कोण घेणार आणि त्याने काय बघायचं आहे? लोकांना वाटतं मी टाळतोय.

मोहाचा हंगाम संपल्यावर मिलिंदचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी बॅटरीची चौकशी केली. बॅटरी उत्तम आहे, तो म्हणाला. मध्ये दोन दिवस तानाबाईंना ताप होता, त्या उठल्या नाहीत. बॅटरी रेखाकडे होती, सेल नवे घातलेले होते. त्या दोन्ही दिवशी टोल्यावरची एकही बाई उजाडल्याशिवाय मोहाखाली गेली नाही.