सहीवाचून अडलेल्या सात ओळी
कूलरमधल्या ओल्या खसचा वास आला की मला लखनौच्या निशातगंजमधलं आमचं ऑफिस आठवतं आणि जीव चडफडतो. नव्वदच्या दशकात तिथे आम्ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट मिळणारा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारं सॉफ्टवेअर, वापरायचो. ऋण संख्यांचा भागाकार तो कधीकधी चुकवायचा. तीन आठवडे खपून मी दोष शोधला, सात ओळींत दुरुस्त केला आणि कंपायलर सांभाळणाऱ्यांना ईमेलने कळवलं. ‘यावर कंपनीचा हक्क नाही, असं साहेबांच्या सहीनिशी पाठवा,’ असं उत्तर आलं. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. “कंपनी के टाइम में बनाया, तो कंपनी का हुआ. बाहर क्यों दें?” ते म्हणाले. मी म्हटलं, “सर, पूरा कंपायलर हमें मुफ्त मिला है.” “तो और अच्छा!” म्हणत त्यांनी कागद परत सरकवला. पुढच्याच महिन्यात एका परदेशी विद्यार्थ्याने कंपायलर वापरणाऱ्या आम्हा सगळ्यांना ईमेल करून तीच चूक मांडली आणि विचारलं, कुणाकडे उपाय आहे का? उपाय माझ्याच मशीनमध्ये होता. नोकरी जाईल या भीतीने मी त्याचं पत्र बंद केलं. साहेबांना मी केव्हाच माफ केलं. त्या मुलाला उत्तर न लिहिल्याबद्दल स्वतःला मात्र अजून करता आलेलं नाही.