बाईंना त्रिकोण कळत नाही

रोज शिकवून झालं की भूमितीच्या बाई हातातला खडू कुणाच्या तरी हातात द्यायच्या, शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या डोक्यावरून गेलं. कोण सांगतंय?"

मग त्यांची नजर सांगणाऱ्याच्या डोळ्यांवर. पाठ केलेलं पोर छताकडे बघत बोलतं, कळलेलं पोर समोरच्याच्या तोंडाकडे. एवढंच बाईंचं परीक्षाशास्त्र. पोर जिथे अडखळेल, तिथून उद्याचा तास सुरू. वर्गाला मात्र मनापासून वाटे, की बाई ढ आहेत आणि आपण नसलो तर यांचं कठीण आहे. बाईंनी हा गैरसमज पोटच्या पोरासारखा जपला होता.

कित्येक वर्षं त्या हंगामीच होत्या. यंदा तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर नारळ.

साहेब आले. थोडा वेळ ऐकून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

मुलीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "एकशे ऐंशी अंश. पण का, ते कळलंय का तुम्हाला?"

साहेब काही बोलायच्या आत तिने कागदाचा त्रिकोण त्यांच्या हातात दिला. तिन्ही टोकं फाडून शेजारी शेजारी लावा, सरळ रेघ होते. साहेबांनी टोकं फाडली खरी, पण फाटलेल्या कडाच एकमेकींना जुळवत बसले. रेघ काही होईना.

"राहू द्या, साहेब," मुलगी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. आमच्या बाईंना तीनदा सांगावं लागलं."

वर्गाने गंभीरपणे माना डोलावल्या. साहेब मागे वळले. "खरं का हो, बाई?"

हे माझं नाटक आहे, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण उद्यापासून कुणी त्यांना जीव तोडून समजावलं नसतं. मुलगी बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"चारदा," बाई म्हणाल्या.

शेरा पडला: विषयज्ञान कच्चे. मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. घरी सासूबाई म्हणाल्या, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला कुणी शिकवलं गं तुला?"

"ते मला आधीपासून येतं, आई."

शेवटच्या दिवशी ती मुलगी फाटकापर्यंत सोडायला आली. जरा घुटमळली. "बाई, नवीन शाळेत तुम्हाला समजावून सांगणारं असेल ना कुणी?"

"बघते की. तू जा आता, घंटा झाली."