वाटणीतली चाकं

"काय वामनराव, गाडी कशी हाये?" असं फुलसावंगीत कोणी विचारलं, की वामनराव म्हणे, "गाडी चांगली हाये, चाकं नाईत." विचारणारा हसे. हसेल नाही तर काय करेल? चाकं कुठं आहेत ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वामनरावाच्या अंगणाच्या भिंतीपल्याड त्याच्या धाकट्या भावाचं, डोमाजीचं घर. दोन चाकं डोमाजीच्या बंडीखाली होती अन् बैलं ती रोज वावरात ओढून नेत. उरलेल्या दोन चाकांचे टायर काढून त्याने लोखंडी रिमा छपरावर ठेवल्या होत्या, वाऱ्यानं टिनाचे पत्रे उडू नयेत म्हणून. वामनराव सकाळी तोंडात दातण घेऊन ओट्यावर आला, की पहिलं दर्शन त्या रिमांचं.

झालं होतं असं. बापानं मिलिटरीच्या लिलावातून ही पिकअप आणली होती. तिच्यात कापूस नेला, लग्नाची वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, अन् शेवटी बापालाही तिच्यातूनच नदीवर नेलं. त्याचं वर्षश्राद्ध उरकत नाही तोच दोघं भाऊ वाटणीला बसले. वावराच्या मधून बांधाचा धुरा पडला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या पडल्या. गाडीपाशी येऊन मात्र पंच अडले. एकानं गाडी घ्या, दुसऱ्यानं बैलजोडी घ्या, असं सांगून पाहिलं. पण ऐकतील तर शपथ! डोमाजी तिरमिरीत बोलला, "गाडी तुले, चाकं मले." आता थोरल्यानं तरी शहाणं व्हावं की नाही? छे! हा म्हणाला, "काढ मंग. आत्ताच काढ." त्याच सांजेला जॅक लागला अन् गाडी विटांवर टेकली. दोघांनाही वाटलं, समोरचा दोन दिवसांत नाक घासत येईल. दोघांचे केस पिकले, पण कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.

आई तेवढी वाटायची राहिली होती. तीही वाटली. एक महिना वामनरावाकडे, एक महिना डोमाजीकडे. चंद्रभागाबाई आपली गोधडी अन् पितळी लोटी घेऊन महिन्याच्या महिन्याला भिंतीला वळसा घाली, अन् दोघांच्याही घरात गुपचूप पडून राही.

यंदा दिवाळी झाली अन् तिनं अन्न जवळपास सोडलंच. तेव्हा ती वामनरावाकडे होती. एका दुपारी त्याला जवळ बसवून म्हणाली, "मी गेली का मले तुह्या बापाच्याच गाडीत नेजो, बाप्पा. दुसरं काई मांगत नाई मी."

झालं, वामनराव पेटला. आईनं आपल्या गाडीचं नाव घेतलं, डोमाजीच्या बंडीचं नाही, यातच त्याची छाती फुगली. त्याची बायको विमलताई म्हणाली, "मंग भाऊजीले मांगा ना चाकं. भिंतीपल्याड तं हायेत."

"त्याले मांगू? मी? जगातल्या साऱ्या रिमा का त्याच्याच बापानं केल्या?"

"त्याचा बाप म्हंजे तुमचाच ना," विमलताई म्हणाली अन् कपाळावर हात मारून घेतला.

वामनरावानं सरकीच्या बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, गाडीचं चाक बसतं त्या हबवर दाबून पाच बोल्टांच्या जागी पाच भोकं पाडली, अन् तो पुठ्ठा पिशवीत घालून निघाला. यवतमाळचा टायरवाला म्हणाला, "काका, ह्या रिमा आता म्युझियममधी पाहा." केळापूरला एका पंक्चरवाल्याकडे एक रीम होती, पण तिची त्यानं चूल केली होती. गावात नेमसिंग मिस्त्री गाडीचं इंजिन खोलून बसला होता. तो रोज म्हणे, "काखेत कळसा अन् गावाले वळसा! कायले फिरून राह्यले, भाऊ?" वामनराव त्याच्याशीही दोन दिवस बोलला नाही.

शेवटी राजूरला, कोळशानं काळ्या झालेल्या एका भंगाराच्या वाड्यात, पुठ्ठा जमला. चारही रिमांना पाचही भोकं बरोब्बर. त्या माणसाला त्यानं अक्षरशः मिठी मारली. सख्ख्या भावाला कधी मारली नव्हती!

नेमसिंगनं गंज घासला, रंग मारला, टायर चढवले. गाडी विटांवरून उतरली अन् खोकत खोकत सुरू झाली. वामनरावानं ती सरळ आईकडे आणावी की नाही? नाही! आधी डोमाजीच्या दारापुढे उभी केली अन् हॉर्न वाजवला. डोमाजी बाहेर आला, चाकांकडे पाहिलं, अन् आत गेला. या घरात इतका गोड दिवस आजवर उगवला नसेल, असं तोंड करून वामनराव आईला उचलून अंगणात घेऊन आला.

म्हातारीनं चाकावरून हात फिरवला. "डोमानं देले?"

"त्याची गरजच काय! राजूरहून आनले, आई."

तिनं वर डोमाजीच्या छपराकडे पाहिलं. रिमा तिथंच होत्या. मग ती म्हणाली, "गाडी तुह्यापाशी, चाकं त्याच्यापाशी. मले वाटलं, मी गाडी मांगतली तं तुमाले एकमेकाच्या दारात जाच लागन. म्हून मांगतली होती, बाप्पा. मले का हौस हाये गाडीची?"

तिनं चाकावरचा हात काढून घेतला.

"आता राहू दे. मले खांद्यावर नेजा. अन् तुमा दोघाचा खांदा नोको. परक्याचे चार पाहजा." हे तिनं विमलताई अन् नेमसिंगच्या देखत सांगितलं, दोनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात ती गेली. दोघं भाऊ तिरडीपाशी एकदमच वाकले, तेव्हा नेमसिंग आडवा आला. "बुढीनं नाई म्हनलं हाये." गावातलं एकही माणूस भावांच्या बाजूनं बोललं नाही. आगीचं मडकं तेवढं रीतीप्रमाणे थोरल्याच्या हातात दिलं. पुढे मडकं घेऊन वामनराव, सगळ्यांच्या मागे डोमाजी, अन् मधे परक्यांच्या खांद्यावर आई. नव्या चाकांवरची गाडी दारात उभीच राहिली.

नदीवर लोक पांगले. चितेपाशी दोघंच उरले. वामनराव जाळाकडे पाहत म्हणाला, "डोमा, आईनं गाडी मांगतली त्या वक्ती मी चाकं मांगाले आलो असतो, तं तू देली असती का रे?"

इतक्या वर्षांत तो भावाशी पहिल्यांदाच बोलत होता. डोमाजीनं तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला अन् डोळे पुसले.

"मी तं काढूनच ठेवली होती बंडीची चाकं," तो म्हणाला. "तू हॉर्न वाजवला त्या दिवशी सकाळीच."